जिमसाठी प्लॅन घेऊ नका, प्लॅनमधली जिम मात्र सोडू नका : अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
अमेरिकेतील सर्व महाराष्ट्र मंडळे,
तसेच मंडळांच्या ज्येष्ठ गटांचे संयोजक

विषय : आरोग्यविम्यातून मिळणारी ज्येष्ठांची व्यायामाची सोय आणि त्याबाबत मंडळांकडून अपेक्षा

सप्रेम नमस्कार.

गणपती उठले. आता नवरात्र, दसरा आणि त्याच सुमाराला घरोघरी टीव्हीवर मेडिकेअरच्या, म्हणजे सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या आरोग्यविम्याच्या, जाहिरातींचा मारा. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात मेडिकेअरवाल्यांना पुढच्या वर्षासाठी प्लॅन बदलता येतो. त्या जाहिरातींत दात, चष्मा, कानाचं यंत्र यांच्या जोडीला एक शब्दप्रयोग हमखास असतो : जिम फुकट. आपल्या ज्येष्ठांच्या बाबतीत यातून दोन उलट्या गोष्टी होतात. काही जण त्या जिमच्या मोहाने, आपले डॉक्टर नव्या प्लॅनमध्ये आहेत का हे न बघताच प्लॅन बदलून बसतात. आणि ज्यांच्या प्लॅनमध्ये ही सोय वर्षानुवर्षं पडून आहे, त्यांतल्या बऱ्याच जणांनी जिमची पायरीही चढलेली नसते. आपल्याला ती आहे हेच ठाऊक नसतं. हे दोन्ही मंडळ थांबवू शकतं, म्हणून हे पत्र.

आधी सोय कुठून येते ते नीट समजून घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. सरकारची मूळ मेडिकेअर, म्हणजे हॉस्पिटलसाठीचा पार्ट ए आणि डॉक्टर-तपासण्यांसाठीचा पार्ट बी, जिमचे पैसे देत नाही. जिम येते ती पार्ट सी किंवा मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज या नावाने खासगी विमा कंपन्या जे प्लॅन चालवतात त्यांत, वरची सोय म्हणून. मूळ मेडिकेअरला जोड म्हणून घेतलेल्या काही मेडिगॅप पॉलिसींबरोबरही जिम मिळते. पण मेडिगॅपचे जे फायदे कायद्याने ठरलेले आहेत त्यांत ती नाही, कंपनीच्या मर्जीवर आहे.

विमा कंपनी स्वतः जिम चालवत नाही. मधे एक तिसरी संस्था असते. सगळ्यांत जुनं आणि माहितीतलं नाव सिल्व्हरस्नीकर्स. ते १९९२ साली सुरू झालं आणि आज टिव्हिटी हेल्थ ही कंपनी ते चालवते. सिल्व्हर अँड फिट, रिन्यू अ‍ॅक्टिव्ह, वन पास ही तशीच दुसरी नावं. एकाच गावातल्या दोन शेजाऱ्यांकडे दोन वेगळ्या कार्यक्रमांची कार्डं असतात आणि त्यावर चालणाऱ्या जिमही वेगळ्या. त्यामुळे 'कुलकर्णीकाकांना चालते म्हणजे आपल्यालाही चालेल' हा हिशेब इथे लागू पडत नाही. त्यातही विमा कंपनी वर्ष बदललं की मधली संस्था बदलू शकते. प्लॅनचं नाव तेच, हप्ता तोच, पण १ जानेवारीला जिमच्या काउंटरवर जुना नंबर चालत नाही.

आता आपल्या लोकांचा खास प्रश्न. मंडळात येणारे ज्येष्ठ तीन प्रकारचे असतात आणि तिघांची उत्तरं वेगळी आहेत. मंडळाच्या सभेत मात्र तिघांना एकच व्याख्यान ऐकवलं जातं.

पहिले, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेले, इथेच नोकरी करून निवृत्त झालेले. यांची ४० क्वार्टर (तिमाह्या), म्हणजे साधारण दहा वर्षांचं कर भरलेलं काम, केव्हाच पूर्ण झालेलं असतं. पार्ट ए त्यांना हप्त्याशिवाय मिळतो, पार्ट बीचा हप्ता २०२५ साली महिना १८५ डॉलर होता. वरच्या उत्पन्नाला तो वाढतो. यांना अ‍ॅडव्हांटेज आणि मेडिगॅप यांतून निवड करायची असते.

दुसरे, मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावलेले आई-बाबा. ६५ वर्षं पूर्ण आणि ग्रीन कार्डवर इथे सलग पाच वर्षं वास्तव्य झालं की त्यांना पार्ट बी घेता येतो. पण अ‍ॅडव्हांटेज प्लॅनसाठी पार्ट ए आणि बी दोन्ही लागतात, आणि इथे काम केलेलं नसेल तर पार्ट ए विकत घ्यावा लागतो. २०२५ साली ३० क्वार्टरपेक्षा कमी काम असलेल्यांना तो महिना ५१८ डॉलरला पडत होता. ३० ते ३९ क्वार्टर असतील तर २८५ डॉलरला. भारतातल्या नोकरीची वर्षं यात धरली जात नाहीत, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात तसा सामाजिक सुरक्षेचा करार नाही. मुलाची क्वार्टरं आईवडिलांना लागू होत नाहीत. नवराबायकोंपैकी एकाची मात्र दुसऱ्याला होतात. म्हणजे दोन्ही पार्ट विकत घेणाऱ्याला, २०२५च्या दराने, महिना ७०३ डॉलर भरल्यावर ती 'फुकट' जिम. हॉस्पिटलच्या संरक्षणासाठी हा खर्च करणं योग्य ठरू शकतं, तो वेगळा हिशेब आहे. पण जिमचा त्यात विचारसुद्धा करू नये. उत्पन्न अगदी कमी असेल तर राज्याच्या मदतयोजनेतून हे हप्ते भरले जाऊ शकतात, त्याची चौकशी जरूर करावी.

तिसरे, सहा महिन्यांच्या व्हिसावर येणारे. त्यांच्या प्रवासविम्यात व्यायामाची सोय धरून चालू नये. त्यांच्यासाठी गावाचं सीनियर सेंटर, सार्वजनिक वाचनालयातले खुर्चीयोगाचे वर्ग आणि हिवाळ्यात मॉलमधलं चालणं. बऱ्याच सीनियर सेंटरमध्ये वर्गाला अगदी थोडे पैसे पडतात, कुठे काहीच नाही, आणि विम्याचं कार्डही विचारत नाहीत. पाच वर्षं पूर्ण व्हायची वाट बघणाऱ्या ग्रीन कार्डवाल्यांनीही हाच रस्ता धरावा.

पहिल्या गटासाठी आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा, आणि तो आम्ही जरा लांबवून सांगणार आहोत, कारण इथली चूक सहजासहजी मागे फिरवता येत नाही.

पार्ट बी ६५व्या वर्षी सुरू झाला की पुढचे सहा महिने तुम्हाला कुठलीही मेडिगॅप पॉलिसी तब्येतीची एकही चौकशी न करता मिळते. ही मुदत एकदाच. समजा एखाद्या काकूंकडे मेडिगॅप आहे आणि सत्तराव्या वर्षी जाहिरात बघून, जिम आणि दातांसाठी, त्या अ‍ॅडव्हांटेजमध्ये गेल्या. पहिल्यांदाच असं केलं असेल तर बारा महिन्यांच्या आत जुन्या मेडिगॅपकडे परत येता येतं. बारा महिने उलटले की बहुतेक राज्यांत कंपनी मधुमेह, स्टेंट, जुना कर्करोग हे सगळं तपासते आणि नकार देऊ शकते. न्यू यॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन या चार राज्यांत नियम ज्येष्ठांच्या बाजूचे आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी दार जवळपास बंदच. महिन्याला वीस-चाळीस डॉलरच्या जिमसाठी हे दार बंद करून घेणं शहाणपणाचं नाही.

अ‍ॅडव्हांटेज वाईट आहे असं आमचं मुळीच म्हणणं नाही. हप्ता कमी, औषधं बहुधा त्यातच, आणि वर्षाच्या खिशातल्या खर्चाला मर्यादा : २०२५ साली नेटवर्कमधल्या, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांकडच्या, उपचारांसाठी ती जास्तीत जास्त ९,३५० डॉलर होती. मूळ मेडिकेअरला अशी मर्यादाच नाही. पण बदल्यात डॉक्टरांचं नेटवर्क आणि मोठ्या तपासणीआधीची परवानगी येते. प्लॅन ठरवावा तो डॉक्टर, हॉस्पिटल, औषधं आणि खर्चाची मर्यादा या क्रमाने. दोन प्लॅन या चारही बाबतींत सारखेच निघाले, तरच जिमकडे बघावं.

यात आपल्या लोकांसाठी पाचवी बाब आहे आणि ती एजंट बहुधा विचारतच नाहीत : वर्षातले किती महिने भारतात? अ‍ॅडव्हांटेज प्लॅनच्या सेवाक्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर सर्वसाधारणपणे प्लॅन तुम्हाला काढून टाकतो. काही प्लॅन प्रवाशांसाठी यापेक्षा जास्त सवलत देतात, ती लेखी बघावी. नोव्हेंबरमध्ये पुण्याला जाऊन अक्षय्य तृतीयेनंतर परतणाऱ्यांनी तारखा मोजून तिकीट काढावं. मेडिगॅपच्या सी, डी, एफ, जी, एम आणि एन या प्लॅनमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांना ८० टक्के मदत असते; प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत, २५० डॉलर आपले गेल्यावर, आणि आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंत. भारतवारी नेमाने करणाऱ्याला जिमपेक्षा ही ओळ जास्त कामाची.

बरं, प्लॅन योग्य कारणांसाठी घेतलेला आहे आणि त्यात जिम आहे. मग ती मिळवायची कशी?

सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत प्लॅनकडून एक जाडसर पाकीट येतं, पुढच्या वर्षात काय बदलणार याची सूचना. जाहिरातींच्या पाकिटांबरोबर ते रद्दीत जातं, आणि घोटाळा तिथे सुरू होतो. त्यात व्यायामाची सोय गाळली आहे का, संस्था बदलली आहे का, हे बघायचं. पूर्ण तपशील 'एव्हिडन्स ऑफ कव्हरेज' नावाच्या पुस्तकात असतो. त्याच्या चौथ्या प्रकरणातल्या फायद्यांच्या तक्त्यात आरोग्य आणि तंदुरुस्तीच्या कार्यक्रमांची ओळ शोधावी. पुस्तक इंग्रजीत आणि शंभरावर पानांचं असतं, पण बघायचा आहे तो एक चौकोन.

मग कार्डाच्या मागच्या सदस्यसेवेच्या नंबरावर फोन. दुभाषा फुकट मिळतो, आणि मराठी हवी असं स्पष्ट सांगावं. नुसतं 'इंडियन' म्हटलं की हिंदी दुभाषा जोडून देतात. विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत : कार्यक्रमाचं नाव काय, माझा सदस्य क्रमांक कोणता, माझ्या पिनकोडजवळच्या जिम कोणत्या, वरच्या दर्जाच्या जिमला जादा पैसे पडतात का, एकापेक्षा जास्त ठिकाणी जाता येतं का, आणि घरी करण्यासाठी साहित्य किंवा ऑनलाइन वर्ग मिळतात का. सिल्व्हरस्नीकर्सचा क्रमांक सोळा आकडी असतो आणि तो विम्याच्या कार्डावरच्या क्रमांकापेक्षा वेगळा असतो. काउंटरवर चुकीचा क्रमांक दिल्याने 'तुम्ही पात्र नाही' असं उत्तर येतं आणि आपली माणसं वाद न घालता घरी येतात. तो क्रमांक मोठ्या अक्षरात छापून पाकिटात ठेवावा.

जिमला जाण्याआधी जिमलाही फोन करावा. यादीतल्या सगळ्याच जिममध्ये ज्येष्ठांचे वर्ग होत नाहीत; पुष्कळ ठिकाणी फक्त यंत्रांची खोली वापरायला मिळते. वर्ग कोणत्या वारी, किती वाजता, शिक्षक प्रत्यक्ष असतो का, पोहण्याचा तलाव या सदस्यत्वात येतो का, हे आधी विचारलं की फेरी फुकट जात नाही. वैयक्तिक प्रशिक्षक, मालिश, काही ठिकाणी तलाव आणि खेळाची कोर्टं यांचे पैसे वेगळे.

नाव नोंदवताना दोन गोष्टी जपाव्यात. जिमने 'फक्त नोंदीसाठी' म्हणून क्रेडिट कार्ड मागितलं तर देऊ नये. ते फाइलला राहिलं आणि पुढच्या जानेवारीत तुमची पात्रता संपली, तर खातं नेहमीच्या पैशाच्या सदस्यत्वात वळून दरमहा पैसे कापले जाऊ शकतात, आणि ते कित्येक महिने कुणाच्या लक्षात येत नाही. कराराच्या कागदावर दरमहाच्या रकमेपुढे शून्य लिहिलेलं आहे, हे बघूनच सही करावी आणि प्रत मागून घ्यावी. दुसरं, दर वेळी आत जाताना कार्ड दाखवून नोंद करावी. ओळखीचा मुलगा काउंटरवर असला तरी. भेटींची नोंद आहे, म्हणून जिम या कार्यक्रमात टिकते.

आता वर्गाबद्दल, कारण आपल्या ज्येष्ठांना जिम म्हणजे वजनं उचलणारी तरुण पोरं एवढंच डोळ्यांसमोर येतं.

सिल्व्हरस्नीकर्सचा क्लासिक नावाचा वर्ग खुर्चीभोवती चालतो. हात नसलेली खुर्ची, हातात धरायची छोटी वजनं, मुठी असलेली रबरी नळी आणि एक मऊ चेंडू. बसून करायचं किंवा खुर्चीला धरून उभ्याने. योगाचा वर्गही खुर्चीवरचा असतो, जमिनीवर बसावं लागत नाही. गुडघे बदललेल्यांना तो झेपतो. स्प्लॅश हा पाण्यातला वर्ग उथळ पाण्यात होतो आणि त्याला पोहता यावं लागत नाही. गुडघेदुखीवाल्यांना आम्ही पहिल्यांदा हाच सुचवतो. अडचण येते ती कपड्यांची. सुती सलवार-कुर्त्यावर तलावात उतरू देत नाहीत. पोहण्याच्याच कापडाचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि घोट्यापर्यंतची विजार ऑनलाइन सहज मिळते. हे आधी सांगितलं तर कितीतरी मावश्या पाण्यात उतरतील.

चपला चालत नाहीत. बंद बूट हवेत, पुढून रुंद, आणि ते संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी चावतो. पहिल्या दिवशी वजन दोन पौंडांचं. दहा-बारा वेळा उचलल्यावर शेवटचे दोन जड वाटले तर ते वजन योग्य. पंधरा झाले तरी गप्पा चालू असतील तर पुढच्या आठवड्यात तीन पौंड. श्वास रोखून धरू नये, रक्तदाब एकदम चढतो. उभं राहायचं ते दुसऱ्या रांगेत, एका कडेला : पहिल्या रांगेत बघून करायला समोर फक्त शिक्षक असतो, आणि मागच्या रांगेत सूचना ऐकू येत नाहीत.

'आम्ही रोज तासभर चालतो, सूर्यनमस्कार घालतो, मग जिम कशाला?' हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. चालणं उत्तमच. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम श्रम, ही शिफारस त्यानेच पूर्ण होते. पण त्याच शिफारशीत स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम किमान दोन दिवस आणि तोल सांभाळण्याचे व्यायामही आहेत, आणि चालण्याने हे दोन्ही पुरेसे होत नाहीत. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या चारांतला एक माणूस वर्षातून एकदा तरी पडतो. पडण्याआधी बऱ्याचदा मांड्यांची ताकद गेलेली असते, आणि ती मोजता येते.

खुर्ची बसायला सतरा इंच उंच, भिंतीला टेकवलेली, हात नसलेली. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ आणि स्त्रीला ११ पेक्षा कमी आले, ७५ ते ७९ वयाच्या पुरुषाला ११ आणि स्त्रीला १० पेक्षा कमी आले, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात. हाताने मांडीला रेटा दिला तर गणती शून्य. दुसरी चाचणी : एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून सरळ रेषेत दहा सेकंद उभं राहणं, मदतनीस शेजारी हवाच. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र डॉक्टरांना ज्या चाचण्या शिकवतं त्यांतल्याच या दोन आहेत. आपल्या ज्येष्ठांपैकी रोज तीन मैल चालणारे लोकही खुर्चीच्या चाचणीत अडखळू शकतात, कारण चालताना गुडघा तेवढा वाकतच नाही.

थोडी सावधगिरी. भारतातून आणलेल्या मधुमेहाच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड हे औषध फार वेळा असतं. ते किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते. वर्गाआधी साखर ९० च्या खाली असेल तर काहीतरी गोड खाऊन मगच सुरुवात करावी, आणि चतुर्थी-एकादशीचा उपास असेल त्या दिवशी गोळी आणि वर्ग यांचं काय करायचं हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं. उपास आहे हे इथल्या डॉक्टरांना आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. बीटा ब्लॉकर (नाडीचा वेग कमी ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी नाडीवरून श्रम मोजू नयेत, ती हवी तेवढी वाढत नाही. बोलता येतं पण अभंग म्हणता येत नाही, इतपत दम लागला की पुरे. हाडं ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून खोल वाकायची आसनं, पश्चिमोत्तानासनासारखी, टाळावीत. मणक्याला चीर पडू शकते. छातीत दाब, जबड्याकडे जाणारी कळ, घेरी, यांपैकी काहीही झालं की तिथेच थांबून शिक्षकाला सांगायचं. 'गॅस झालाय' म्हणून वर्ग पूर्ण करायचा नाही.

ज्यांच्याकडे जिमवाला प्लॅन नाही, फक्त मूळ मेडिकेअर आहे, त्यांनाही व्यायामाच्या दोन-तीन सोयी आहेत आणि त्या जिमपेक्षा मोलाच्या आहेत. हृदयविकाराचा झटका गेल्या बारा महिन्यांत येऊन गेला असेल, बायपास किंवा स्टेंट झाला असेल, तर पार्ट बीमधून हृदयासाठी देखरेखीखालचा व्यायाम मिळतो, ३६ सत्रांपर्यंत. डॉक्टरांनी चिठ्ठी द्यावी लागते. घरच्यांनी डिस्चार्जच्या दिवशीच ती मागावी. पडून उठलेल्यांना फिजिओथेरपी मिळते. वर्षाची वजावट, म्हणजे आधी आपण भरायची ठरावीक रक्कम, भरल्यावर २० टक्के आपल्याकडे.

आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी मेडिकेअरचा मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम आहे. पार्ट बी हवा, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ५.७ ते ६.४ असावं किंवा उपाशीपोटीची साखर ११० ते १२५. वजनाची अटही आहे : बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) इतरांना किमान २५, पण आशियाई असल्याचं सांगितलं तर २३. आपली पोटाभोवती चरबी असलेली, बाकी सडपातळ माणसं याच फरकामुळे पात्र ठरतात आणि फॉर्मवर वंशाची जागा कोरी सोडल्यामुळे बाहेर राहू शकतात. पहिल्या सहा महिन्यांत सोळा वर्ग, नंतर महिन्याला एक. एक पैसा पडत नाही. आयुष्यात एकदाच मिळतो आणि मधुमेह एकदा झाला की मिळत नाही. मेडिकेअरचा वार्षिक आरोग्य-आढावाही फुकट असतो. त्यात डॉक्टर पडण्याविषयी विचारतात. तिथे 'नाही, नाही, ठीक आहे' म्हणायचं नाही, न्हाणीघरात तोल गेला होता तर ते सांगायचं.

आता मंडळांकडून काय हवं आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात एक सभा घ्या आणि त्यात विमा एजंटाऐवजी तुमच्या राज्याच्या शिप या मोफत सल्लाकेंद्राचा समुपदेशक बोलवा. कॅलिफोर्नियात या केंद्राला हायकॅप म्हणतात, फ्लोरिडा आणि मॅसॅच्युसेट्समध्ये शाइन, वॉशिंग्टन राज्यात शिबा. हे लोक काहीही विकत नाहीत आणि त्यांना कमिशन नसतं. नंबर सापडला नाही तर मेडिकेअरच्या १-८००-६३३-४२२७ वर विचारावा. प्रत्येकाने आपलं विम्याचं कार्ड, औषधांची यादी मात्रेसकट आणि डॉक्टरांची नावं घेऊन यावं. ही तीन कागदं नसली की समुपदेशकाला नुसतं व्याख्यान देऊन जावं लागतं.

एजंट हे दिवाळीच्या कार्यक्रमाचे प्रायोजक असतात, हे आम्हाला माहीत आहे, आणि मंडळाला पैसा लागतो हेही. चांगले, आपल्या भाषेत समजावणारे एजंट आहेत. पण नियम माहीत असावेत. माहितीच्या कार्यक्रमात नावनोंदणी करता येत नाही. विक्रीच्या सभेत जेवण देता येत नाही, भेटवस्तूची किंमत १५ डॉलरच्या आत हवी. न विचारता घरी फोन करणं किंवा दारात येणं याला बंदी आहे. म्हणून मंडळाची सदस्ययादी, फोन नंबरांसकट, कुठल्याही प्रायोजकाला देऊ नका. फराळाच्या ताटाशेजारी मेडिकेअरचा फॉर्म ठेवलेला दिसू नये. आणि घाईत कुणी बदल केलाच असेल, तर १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात अ‍ॅडव्हांटेजवाल्यांना एकदा दुसरा प्लॅन घेता येतो किंवा मूळ मेडिकेअरकडे जाता येतं. जानेवारीत संक्रांतीच्या कार्यक्रमात ही तारीख माइकवरून सांगा.

दुसरं काम गाड्यांचं. आपल्या ज्येष्ठांची जिम बहुतेकदा गाडीअभावी सुटते. वर्ग सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान असतात, तेव्हा मुलगा-सून कामावर आणि आजोबांना गाडी येत नाही. प्लॅनमधली वाहनाची सोय बहुधा डॉक्टरकडे जाण्यापुरती असते. जिमसाठी चालते का हे विचारावं, पण धरून चालू नये. मंडळाने पिनकोडप्रमाणे यादी केली तर कळेल की एकाच भागात चार-पाच आजी-आजोबा आहेत आणि त्यांतल्या एकाला गाडी येते. मंगळवार-गुरुवार, एकच जिम, एकच वर्ग, एक गाडी. चौघं सोबत असले की कुणी कंटाळा करत नाही, आणि इंग्रजीची भीतीही निम्मी होते. काही ठिकाणी हे वर्ग समाजकेंद्रांत आणि चर्चच्या सभागृहांतही भरतात. तुमच्या सभागृहात तसा वर्ग आणता येईल का, याची चौकशी कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेकडे करता येईल. बर्फाच्या तीन महिन्यांत ऑनलाइन वर्ग लावावेत. टॅबलेटपेक्षा ते टीव्हीवर जोडून द्यावेत, म्हणजे मान वाकत नाही. नातवंडांना हे पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरं, एक कागद. वर्गात शिक्षक भराभर जे शब्द फेकतात ते वीस-पंचवीसच असतात. 'मार्च' म्हणजे जागच्या जागी पाय उचलणं. 'स्टेप टच' म्हणजे एक पाय बाजूला टाकून दुसरा जवळ आणून टेकवणं. 'ग्रेपवाइन' म्हणजे बाजूला चालताना एक पाय मागून ओलांडून टाकणं. ज्यांचा तोल कच्चा आहे त्यांनी त्या वेळी खुर्ची धरून 'स्टेप टच'च करावा. 'कोअर' म्हणजे पोट हलकेच आत घेणं, 'इनहेल' श्वास आत, 'एक्झेल' बाहेर. मोठ्या अक्षरांत, मराठीत, एका पानावर.

चौथं, खुर्चीची चाचणी. दिवाळीच्या कार्यक्रमात मध्यंतरापूर्वी एक टेबल, दोन खुर्च्या, एक घड्याळ आणि आपल्यापैकीच एखादी फिजिओथेरपिस्ट किंवा परिचारिका. प्रत्येकाचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून त्यालाच द्यायचा, जाहीर करायचा नाही. ज्याचा आकडा कमी येईल त्याने तो डॉक्टरांना दाखवायचा. तीच चाचणी गुढीपाडव्याला परत. मधल्या चार-पाच महिन्यांत आठवड्याला दोन वर्ग झाले असतील तर ८ चे १० होतात का, हे ज्याचं त्याला दिसेल.

सभेसाठी मराठी शब्दांचं ते एक पान, फोनवर विचारायच्या प्रश्नांची यादी आणि वयानुसार आकड्यांचा तक्ता आमच्याकडे तयार आहे, छापायला मोकळा. तुमच्या मंडळाच्या सभेची तारीख आम्हाला कळवा, १५ ऑक्टोबरच्या आत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मेडिकेअरची कागदपत्रं आणि ज्येष्ठांचे व्यायामवर्ग यांत काम करणारे स्वयंसेवक